जर्मन रिबन बार: मालकाचा माग कसा काढायचा

जुन्या जर्मन लष्करी रिबन बारबद्दल वाचकांकडून आलेले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं. ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी एवढंच: रिबन बार म्हणजे रोजच्या गणवेशावर पदकांऐवजी लावायची, फक्त फितींची पट्टी. पदक समोर नसतं, म्हणून फितीचे रंग, त्यांचा क्रम आणि फितीवरची बारीक धातूची चिन्हं यांवरूनच सगळं ओळखावं लागतं.

प्रश्न: माझ्याकडे आठ फितींचा बार आहे. मागे नाव किंवा दुकानाचा शिक्का नाही. समोरून डावीकडून क्रम असा: काळी-पांढरी, तशीच दुसरी, पण वर मुकुट आणि तलवारी, लाल-पांढरी हॅम्बुर्गची, काळी-पांढरी-लाल, वर तलवारी, दोन निळ्या, दोन्हींवर सोनेरी गरुड, बारीक आडव्या लाल रेघांची ऑस्ट्रियन, शेवटी लाल-पांढरी तुर्की. हा कोणाचा होता हे कळेल का?

उत्तर: नाव हाती लागण्याची शक्यता खरंच चांगली आहे, कारण या आठांमध्ये एक दुर्मिळ फीत आहे आणि तारखा ठरवणाऱ्या तीन फिती आहेत. कामाची पद्धत ठरलेली आहे. आधी प्रत्येक फितीचं पदक ओळखायचं, मग त्या पदकाने किती माणसं गाळली जातात ते पाहायचं, आणि शेवटी उरलेल्यांची नावं छापील अधिकारी-याद्यांमधून काढायची.

पहिली फीत आयर्न क्रॉस दुसरा वर्ग, १९१४. हा पन्नास लाखांहून जास्त लोकांना मिळाला, त्यामुळे शोधाला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. मात्र पट्ट्यांची मांडणी पाहून ठेवा. काळ्यावर पांढरे पट्टे म्हणजे लढाऊ सेवा, पांढऱ्यावर काळे पट्टे म्हणजे बिगर-लढाऊ. दुसरा प्रकार असता तर लष्करी अधिकारी सोडून नागरी अधिकारी, रेल्वे, रसद अशा बाजूंना शोध वळवावा लागला असता.

दुसरी फीत तुमचा खरा आधार आहे. काळ्या-पांढऱ्या फितीवर मुकुट आणि तलवारी म्हणजे होहेनझोलर्न या प्रशियाच्या (जर्मन साम्राज्यातल्या सर्वात मोठ्या राज्याच्या) राजघराण्याच्या ऑर्डरचा, म्हणजे सन्मानाचा, तलवारींसह नाइट्स क्रॉस. हा फक्त अधिकाऱ्यांना मिळे आणि पहिल्या महायुद्धात तो सुमारे आठ हजार जणांना दिला गेला. म्हणजे एकाच फितीने पन्नास लाखांवरून आठ हजारांवर आलात. शिवाय हा मिळालेल्या माणसाकडे आयर्न क्रॉसचा पहिला वर्ग असण्याची दाट शक्यता आहे. पहिला वर्ग थेट छातीवर पिनने लावला जाई, त्याला फीत नसे, म्हणून तो बारवर दिसत नाही. नवखे लोक इथे गडबडतात आणि "याला पहिला वर्ग मिळाला नव्हता" असा निष्कर्ष काढतात.

तिसरी हॅम्बुर्गच्या हान्झेआटिक क्रॉसची. हॅम्बुर्ग, ब्रेमेन आणि ल्युबेक या तीन शहरांनी १९१५ साली हा क्रॉस सुरू केला. तिन्ही फिती लाल-पांढऱ्याच आहेत, फक्त पट्ट्यांची मांडणी वेगळी (ल्युबेकची फीत अर्धी लाल, अर्धी पांढरी), म्हणून एकदा भिंगाखाली खात्री करून घ्या. हॅम्बुर्गची फीत म्हटलं की पहिलं लक्ष ७६ क्रमांकाच्या पायदळ रेजिमेंटकडे जातं. असाच संबंध ब्रेमेनचा ७५ शी, ल्युबेकचा १६२ शी, ओल्डेनबुर्गचा ९१ शी, ब्राउन्श्वाइगचा ९२ शी, आनहाल्टचा ९३ शी आणि मेक्लेनबुर्गचा ८९ व ९० शी आहे. पण हॅम्बुर्गमध्ये जन्मलेल्या, दुसऱ्या रेजिमेंटमध्ये लढणाऱ्या माणसालाही हा क्रॉस मिळू शकत होता. त्यामुळे ७६ पासून सुरुवात करा, तिथेच थांबू नका.

चौथी फीत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी १३ जुलै १९३४ रोजी सुरू केलेल्या महायुद्ध सन्मान क्रॉसची. तलवारी म्हणजे आघाडीवर सेवा. हा साठ लाखांहून अधिक लोकांना मिळाला, म्हणून माणूस शोधायला निरुपयोगी, पण तारखेसाठी उत्तम: बार १९३४ नंतरचाच आहे.

पाचवी आणि सहावी फीत शांतपणे पाहा, कारण इथे अधिकाऱ्याचं अख्खं सेवापुस्तक आहे. वेरमाख्टची, म्हणजे नाझी काळातल्या जर्मन सैन्याची, सेवापदकं १६ मार्च १९३६ रोजी सुरू झाली: ४ वर्षांसाठी चंदेरी पदक, १२ वर्षांसाठी सोनेरी पदक, १८ वर्षांसाठी चंदेरी क्रॉस, २५ वर्षांसाठी सोनेरी क्रॉस. सगळ्यांची फीत निळी, फरक फक्त वरच्या गरुडाच्या रंगात. एका वेळी दोन लावायची मुभा होती आणि जोड्या ठरलेल्या होत्या. १२ सोबत ४, १८ सोबत ४, २५ सोबत १२. म्हणून सोनेरी आणि चंदेरी दिसले तर १२ आणि ४. दोन्ही चंदेरी तर १८ आणि ४. दोन्ही सोनेरी, तुमच्यासारखे, तर २५ आणि १२. गरुडाचा आकारही पाहा. पंख पसरून उडणारा गरुड हवाई दलाचा, सरळ बसलेला गरुड भूदल किंवा नौदलाचा.

ऑस्ट्रियन फीत कसल्या पदकाची हे नुसत्या रंगावरून ठरत नाही. तिथला लष्करी गुणवत्ता क्रॉस, सिग्नुम लाउडिस हे लष्करी गुणवत्ता पदक आणि शौर्यपदकं हे सगळं युद्धकाळात याच फितीवर होतं. अधिकारी म्हटल्यावर पहिल्या दोनांपैकी एक असणार. तुर्की फीत १९१५ च्या युद्धपदकाची, ज्याला जर्मन लोक लोखंडी चंद्रकोर म्हणत. ही फीत म्हणजे तो तुर्कस्तानात लढला होता असं मात्र समजू नका. ते पदक तिकडे कधी पाऊल न टाकलेल्या जर्मन अधिकाऱ्यांनाही दिलं गेलं.

आता तारखा जुळवा. बार १९३६ किंवा नंतरचा. पहिल्या फितीवर १९३९ चा गरुडाचा क्लॅस्प (तोच क्रॉस दुसऱ्या महायुद्धात पुन्हा मिळाल्याची खूण) नाही आणि क्लॅस्पच्या टाचांची भोकंही नसतील, तर तो बहुधा दुसऱ्या महायुद्धापूर्वी शिवलेला. १९३६ ते १९३९ दरम्यान २५ वर्षं पूर्ण म्हणजे सैन्यात प्रवेश साधारण १९११ ते १९१४ चा. सेवाकाळ मोजण्याच्या नियमांत सवलती होत्या, म्हणून दोन्हीकडे काही वर्षांची मोकळीक ठेवा.

सगळ्यात मोठी चाळणी अजून बाकी आहे. २५ वर्षं सलग सेवा म्हणजे १९२० च्या दशकात हा माणूस राइशवेरमध्ये, म्हणजे दोन महायुद्धांच्या मधल्या छोट्या जर्मन सैन्यातच होता. व्हर्सायच्या तहाने त्या सैन्यावर एक लाख माणसांची मर्यादा घातली होती आणि त्यात अधिकारी जास्तीत जास्त ४,००० होते, नौदलात १,५००. होहेनझोलर्न क्रॉस मिळालेले आठ हजार आणि राइशवेरमधले चार हजार, या दोन वर्तुळांच्या छेदात तुमचा माणूस आहे. अपवाद दोन: पोलिसांतून १९३५ च्या सुमारास सैन्यात आलेले आणि १९३३ नंतर परत बोलावलेले निवृत्त अधिकारी. छेदात कोणी बसत नसेल तर या दोन गटांकडे वळा.

प्रत्यक्ष काम असं करा. प्रशियन सैन्याची १९१४ ची छापील रांगलिस्टे, म्हणजे अधिकारी-यादी, घ्या आणि संबंधित रेजिमेंटचे सगळे लेफ्टनंट आणि फेनरिश (अधिकारी-उमेदवार) उतरवून काढा. मग १९२६ साली निघालेल्या एरेनरांगलिस्टेमध्ये, म्हणजे जुन्या सैन्याच्या सन्मान-यादीमध्ये, तीच नावं पाहा. तिथे १९१४ च्या रेजिमेंटनिहाय अधिकाऱ्यांचं पुढे काय झालं ते आहे. मृत आणि निवृत्त गाळा. उरलेल्यांना १९२० च्या दशकातल्या राइशवेरच्या रांगलिस्टेमध्ये शोधा. तिन्हीकडे सापडणारी नावं म्हणजे तुमचे उमेदवार. त्यांच्या वैयक्तिक फायली कुठे मागायच्या ते पुढच्या एका उत्तरात आहे.

एक धोका: १९१४ च्या रांगलिस्टेमध्ये नावापुढे सन्मानांच्या खुणा असतात, पण ती यादी युद्ध सुरू होण्यापूर्वीची आहे. युद्धातली पदकं तिथे शोधून "याच्याकडे होहेनझोलर्न नाही" म्हणून नाव खोडू नका. उलट बारवर युद्धापूर्वीचं काही असेल, जसं प्रशियाच्या रेड ईगल ऑर्डरचा चौथा वर्ग किंवा एखादी रशियन फीत, तर ती यादी थेट उत्तर देते. परदेशी राजे जर्मन रेजिमेंट्सचे मानद प्रमुख असत आणि आपल्या रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांना सन्मान देत. बर्लिनच्या कैसर अलेक्झांडर ग्रेनेडियर गार्ड रेजिमेंटचा प्रमुख रशियाचा झार होता. युद्धापूर्वीची रशियन फीत दिसली की पहिली शंका तिथे घ्यावी.

प्रश्न: माझ्या बारवरच्या दोन फितींवर भोकं आहेत, चिन्हं गळून पडली आहेत. काय होतं ते कसं ओळखायचं? नवीन चिन्ह लावावं का?

उत्तर: नवीन अजिबात लावू नका. भोकं आणि सावल्या हाच आता पुरावा आहे आणि नवं चिन्ह तो पुसून टाकेल.

खोलीत अंधार करा, टॉर्च टेबलाला जवळजवळ समांतर धरा आणि उजेड फितीवरून आडवा जाऊ द्या. वर्षानुवर्षं दाबून बसलेल्या धातूने कापडात खळगा पाडलेला असतो आणि तो आडव्या उजेडात दिसतो. मग दहापट भिंगाने त्या जागेचा रंग पाहा. चिन्हाखालचा भाग उन्हापासून वाचलेला असतो, म्हणून तो भोवतीपेक्षा गडद असतो आणि चिन्हाचा आकारच तिथे उमटलेला असतो. फुली म्हणजे तलवारी, फुलीच्या वर गोलसर टेंगूळ म्हणजे मुकुटासह तलवारी, रुंद आणि खालचा भाग निमुळता म्हणजे गरुड. भोकांच्या कडेला तपकिरी कडं असेल तर टाचा लोखंडी, हिरवट असेल तर पितळी किंवा तांब्याच्या. दोन भोकांमधलं अंतर मिलीमीटरमध्ये मोजून लिहा. ओळखीच्या चिन्हाशी ताडून पाहता येतं.

पाठीमागूनही पाहा. बऱ्याच बारवर शिंपी आधी चिन्ह बसवून टाचा मागे वाकवत आणि मग पाठीचं लोकरी कापड शिवत. तशा बारवर भोकं पाठीच्या कापडातूनही आरपार गेली असतील, तर ते चिन्ह बार तयार झाल्यावर कोणीतरी लावलं होतं. कधी मालकाने, नवं पदक मिळाल्यावर. कधी विकणाऱ्याने, किंमत वाढवायला. टाचांभोवतीचा गंज जुना आणि आत मुरलेला असेल तर पहिली शक्यता धरावी.

चिन्ह हरवलेल्या निळ्या फितीबद्दल खास काळजी घ्या. प्रशियन अधिकाऱ्यांचा २५ वर्षांचा क्रॉस, प्रशियन क्राउन ऑर्डर, वेरमाख्टची सेवापदकं आणि १९३८ साली सुरू झालेलं नागरी नोकरांचं सेवाचिन्ह, या सगळ्यांच्या फिती निळ्या आहेत. निळ्या छटेवरून निर्णय देणं फसवं, कारण रंग उडतो. अशा वेळी फितीची जागा जास्त सांगते. युद्धातल्या सन्मानांच्या मध्ये बसलेली निळी फीत ऑर्डरची असण्याची शक्यता अधिक, हिंडेनबुर्ग यांच्या महायुद्ध सन्मान क्रॉसनंतरची निळी बहुतेकदा सेवापदकाची.

प्रश्न: तीनच फिती आहेत: १९३९ चा आयर्न क्रॉस, पूर्व आघाडीचं हिवाळी पदक आणि ४ वर्षांचं सेवापदक. मालक सापडेल?

उत्तर: नाही. तिन्ही पदकं फार मोठ्या संख्येने दिली गेली आणि हाच संच असंख्य सैनिकांकडे होता. मागे नाव लिहिलेलं नसेल किंवा सोबत कागद नसतील तर इथे वेळ घालवू नका. फक्त पहिली फीत नीट पाहून घ्या: मध्ये रुंद लाल पट्टा असेल तर आयर्न क्रॉस, मध्ये रुंद काळा असेल तर ती युद्ध गुणवत्ता क्रॉसची फीत आहे. या दोन फितींची गल्लत सर्रास होते.

प्रश्न: जर्मन अभिलेखागारांना बारचा फोटो पाठवला तर ते मालक शोधून देतील का? कोणाला लिहायचं?

उत्तर: फोटोवरून शोधून देणार नाहीत, कारण फायली नाव आणि जन्मतारखेनुसार लावलेल्या आहेत, पदकांनुसार शोधायची सोय नाही. म्हणून आधी वरच्या पद्धतीने उमेदवारांची नावं काढा, मगच पत्र लिहा. पत्र जर्मनमध्ये, थोडक्यात: पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव माहीत असल्यास, रेजिमेंट, हुद्दा, आणि नेमकं काय हवं ते. "याच्याबद्दल सगळं सांगा" असं लिहिलेल्या पत्राला सामान्य उत्तर येतं. "या व्यक्तीच्या फाइलमधली सन्मानांची नोंद आणि सेवाकालक्रम यांच्या प्रती हव्यात" असं लिहिलं की काम होतं. शोधाचा वेळ मोजून शुल्क आकारलं जातं, तयारी ठेवा.

कुठे लिहायचं हे राज्यावर ठरतं, आणि इथे एक दुःखद गोष्ट समजून घ्यायला हवी. जर्मन साम्राज्याच्या सैन्यात प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी आणि व्युर्टेंबर्ग यांची स्वतंत्र लष्करी दप्तरं होती. प्रशियाचं दप्तर पोट्सडामच्या लष्करी अभिलेखागारात होतं आणि १४ एप्रिल १९४५ च्या हवाई हल्ल्यात ते जळालं. त्यामुळे प्रशियन साध्या सैनिकाचा माग काढणं फार अवघड. छापील याद्यांमुळे अधिकारी तेवढे वाचले. बव्हेरियाचं साहित्य म्युनिकच्या क्रीग्सआर्खिवमध्ये, म्हणजे युद्ध-अभिलेखागारात, सुखरूप आहे आणि तिथल्या सैनिक-नोंदवह्या तर शिपायापर्यंत पोहोचतात. व्युर्टेंबर्गसाठी स्टुटगार्टचं मुख्य राज्य अभिलेखागार, सॅक्सनीसाठी ड्रेस्डेन. बाडेनचं सैन्य प्रशियन सैन्याचा भाग होतं, तरी त्याचे बरेच कागद कार्ल्सरूहेला आहेत, हे अनेकांना ठाऊक नसतं.

राइशवेर आणि वेरमाख्टच्या अधिकाऱ्यांच्या फायली फ्रायबुर्गच्या बुंडेसआर्खिव-मिलिटेरआर्खिवमध्ये (केंद्रीय अभिलेखागाराच्या लष्करी विभागात), पेर्स ६ या संग्रहात मागा. संग्रह अपुरा आहे. फाइल नाही म्हणजे माणूस नव्हता असं नाही. दुसऱ्या महायुद्धातले मृत, बेपत्ता आणि ओळखबिल्ले यांच्या नोंदी पूर्वी बर्लिनमध्ये वाश्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कार्यालयात होत्या. १ जानेवारी २०१९ पासून ते बुंडेसआर्खिवचाच विभाग आहे. मुदतीचा नियमही लक्षात ठेवा: व्यक्तीविषयक फायली मृत्यूनंतर १० वर्षांनी, मृत्यू माहीत नसेल तर जन्मापासून १०० वर्षांनी खुल्या होतात. १९११ च्या आसपास सैन्यात आलेल्यांच्या बाबतीत अडचण येत नाही.

घरबसल्या करता येण्यासारख्या दोन गोष्टी: पहिल्या महायुद्धाच्या जर्मन हताहत-याद्या नाव आणि गावानुसार जालावर शोधता येतात, आणि फोल्क्सबुंड या युद्धकबरींच्या संस्थेचा शोधही खुला आहे. उमेदवारांतून मृत गाळायला दोन्ही उपयोगी.

प्रश्न: विक्रेता म्हणतो की बार एका प्रसिद्ध जनरलचा आहे आणि पुरावा म्हणून जनरलचा फोटो दाखवतो. फोटोत फिती तशाच दिसतात. विश्वास ठेवावा का?

उत्तर: लगेच नाही. सर्वात कठोर कसोटी फोटोशिवायच करता येते: बारवर काय नाही ते पाहा. जनरलला मिळालेल्या सर्व सन्मानांची तारखांसह यादी करा. बार शिवल्याची तारीख त्यावरच्या सगळ्यात नव्या फितीवरून ठरवा. त्या तारखेआधी जनरलला मिळालेल्या फीतवाल्या सन्मानांपैकी एक जरी बारवरून गायब असेल, तर बार त्याचा नाही. असलेल्या फिती जुळवणं सोपं असतं, म्हणून सगळे तेच करतात. नसलेली फीत मात्र सोयीस्करपणे कोणी पाहत नाही.

फोटोचे स्वतःचे सापळे आहेत. त्या काळातली बरीच प्लेट आणि फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती: तिला लाल दिसत नसे, निळा मात्र जास्त दिसे. म्हणून अशा फोटोत लाल आणि नारिंगी पट्टे जवळजवळ काळे पडतात आणि निळी फीत पांढरट होते. रेड ईगल ऑर्डरचे नारिंगी पट्टे काळे दिसल्यामुळे ती फीत बिगर-लढाऊ आयर्न क्रॉसची समजली गेल्याची चूक नेहमीची आहे. करडी छटा पाहून रंग ठरवू नका. पट्ट्यांची संख्या, त्यांची रुंदी आणि एका फितीची दुसऱ्या फितीशी तुलना यावरच भर द्या. फोटो उलटा छापलेला नाही ना तेही तपासा. पुरुषांच्या कोटात डावी बाजू उजवीवर येते आणि रिबन बार परिधान करणाऱ्याच्या डाव्या छातीवर असतो. हे उलट दिसलं तर प्रिंटच उलटी आहे आणि तुम्ही क्रम उलटा वाचताय.

शिवाय एका अधिकाऱ्याकडे एकाच वेळी अनेक बार असत आणि नवा सन्मान मिळाला की नवा बार शिवला जाई. फोटो जुळला तरी सिद्ध होतं ते एवढंच की असा संच त्याच्याकडे होता. हाच बार त्याचा होता असं म्हणायला घराण्याकडून आलेली सलग साखळी किंवा मागचं नाव लागतं.

प्रश्न: जुन्या सुट्या फितींपासून नव्याने बनवलेला बार कसा ओळखायचा?

उत्तर: पहिली तपासणी ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चने, पूर्ण अंधारात. कापडात ऑप्टिकल ब्राइटनर वापरणं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झालं. पांढरा पट्टा किंवा शिवणीचा दोरा निळसर चमकला तर शंका घ्या. पण एवढ्यावर निकाल देऊ नका: आधुनिक साबणाने कोणी बार पुसला असेल तरी तो चमकतो, आणि जुनी फीत नव्या दोऱ्याने शिवली तर फीत चमकत नाही. म्हणून दोरा आणि फिती वेगवेगळ्या तपासा.

मग फितीची वळवलेली कड लाकडी टूथपिकने किंचित उचला. आतला, उन्हापासून लपलेला भाग पुढच्यापेक्षा ताजा दिसलाच पाहिजे, आणि सगळ्या फितींमध्ये हा फरक साधारण सारखा हवा. सात फितींचे रंग उडालेले आणि आठवी आतबाहेर सारखीच असेल तर आठवी नंतर घुसवली आहे, आणि बहुतेक वेळा तीच फीत दुर्मिळ आणि महाग असते. पाठीच्या लोकरी कापडावर पिनची गंजलेली रेघ पिनच्या बरोबर खाली असावी. रेघ एकीकडे आणि पिन दुसरीकडे, म्हणजे पाठ दुसऱ्या बारची आहे.

अनुभवी लोक दोऱ्याचा तंतू जाळूनही पाहतात: सुती दोऱ्याची राख भुरभुरीत होते आणि जळक्या कागदासारखा वास येतो, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. पाठीमागचा सुटा तंतू असेल तरच हे करा, त्यासाठी शिवण उसवू नका.

प्रश्न: बारवर दुसऱ्या महायुद्धाचा आयर्न क्रॉस आहे, पण स्वस्तिक कुठेच नाही आणि फितींवर जखमी-चिन्हासारखी बारीक चिन्हं आहेत. बनावट का?

उत्तर: बनावट नाही. पश्चिम जर्मनीने २६ जुलै १९५७ च्या कायद्याने नाझी काळातले लष्करी सन्मान स्वस्तिकाशिवाय वापरायची परवानगी दिली. मूळ सैनिकांनी त्यानंतर नवे बार शिवून घेतले आणि त्यात जखमी-चिन्ह, पायदळाचं हल्ला-चिन्ह असे मूळचे फीत नसलेले सन्मानही बारीक रूपात घातले. त्यामुळे १९५७ नंतरच्या बारवर माणसाची माहिती कित्येकदा मूळ बारपेक्षा जास्त असते. ऑस्ट्रिया आणि सुडेटेनलँड ताब्यात घेतल्याची पदकं या कायद्याखाली बसत नव्हती, म्हणून ती अशा बारवर नसतात.

शोधाच्या दृष्टीने अशा बारवर पश्चिम जर्मनीचा फेडरल क्रॉस ऑफ मेरिट आहे का ते आधी पाहा. हा सन्मान १९५१ पासून आहे, फीत लाल आणि कडेला सोनेरी-काळा-सोनेरी. तो मिळालेल्यांची नावं बुंडेसआन्झायगर या सरकारी राजपत्रात प्रसिद्ध होत. बुंडेसवेर (पश्चिम जर्मनीचं नवं सैन्य), सीमासुरक्षा दल किंवा पोलिसांतला माणूस असेल तर तो सन्मान आणि ती यादी या दोन टोकांमधून वाट निघते.

प्रश्न: प्रथम महायुद्धाच्या बारवर एक पूर्ण काळी फीत आहे, कसलीही रेघ नाही. शोकाची फीत का?

उत्तर: शोकाशी तिचा संबंध नाही. ती योहानिटर ऑर्डरची असण्याची शक्यता सर्वात जास्त. तसं असेल तर मालक प्रोटेस्टंट सरदार घराण्यातला होता. कॅथलिक माल्टीझ ऑर्डरची फीतही काळीच आहे, म्हणून बाकीच्या फितींवरून राज्य पाहा. प्रशियन संचात योहानिटर, बव्हेरियन किंवा ऱ्हाइनच्या परिसरातल्या संचात माल्टीझ, असा अंदाज धरून सुरुवात करावी. योहानिटरच्या सदस्यांच्या छापील याद्या आहेत आणि त्या अधिकारी-यादीशी ताडल्या की उमेदवार झपाट्याने कमी होतात.

बव्हेरियन संचात आणखी एक गोष्ट पाहा. माक्स योझेफ लष्करी ऑर्डर मिळालेल्या सामान्य घरातल्या अधिकाऱ्याला वैयक्तिक सरदारकी मिळे आणि नावात रिटर फोन जोडलं जाई. त्यामुळे १९१४ च्या यादीत तो माणूस साध्या आडनावाने आणि नंतरच्या यादीत रिटर फोन लावून सापडतो. दोन वेगळी माणसं समजून एकाला गाळू नका. नाव, हुद्द्याची तारीख आणि रेजिमेंट तिन्ही एकत्र जुळवा.